तालुक्याच्या गावात क्रीडा अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राची परिषद: तारखेपासून हिशेबापर्यंत

विदर्भातल्या तालुका पातळीवरच्या कॉलेजांत परिषदा पुष्कळ होतात. बहुतेकींत एकच गोष्ट कमी पडते, ती म्हणजे निबंध वाचणाऱ्याला मिळणारा वेळ. पाहुणे येतात, जेवण चांगलं होतं, फोटो निघतात, आणि थेट सिरोंच्याहून आलेल्या संशोधकाला दुपारी साडेचारला सांगितलं जातं, "दोन मिनिटांत आटपा." खाली जी व्यवस्था सांगितली आहे ती सगळी या एका गोष्टीसाठी आहे. गाडी वेळेत पोचली, लाइन गेली तरी प्रोजेक्टर चालू राहिला, जेवणाची रांग वेळेत सरली, तरच निबंधाला आणि चर्चेला त्यांची मिनिटं मिळतात.

हिशेबासाठी समोर धरू ते असं: दोन दिवसांची परिषद, बाहेरचे १२० प्रतिनिधी, कामाला कॉलेजचे ३० प्राध्यापक-विद्यार्थी, म्हणजे जेवायला १५० माणसं. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं समजा. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला.

तारीख

अर्थशास्त्राच्या परिषदेला कुठलीही तारीख चालते, खेळाच्या परिषदेला चालत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारण सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चालतात आणि त्यानंतर आंतरविद्यापीठ स्पर्धा. या काळात शारीरिक शिक्षण संचालक संघ घेऊन बाहेरगावी असतात. म्हणजे ज्यांच्याकडे खेळाडूंचा खरा अनुभव आणि खरी माहिती आहे, तेच येऊ शकत नाहीत. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागते, आणि कॉलेजला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर इमारत परीक्षा केंद्र म्हणून जाते. मधे उरतो तो जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि फेब्रुवारीचे पहिले चार-पाच दिवस. २६ जानेवारीला लागून तारीख घेऊ नका, कारण सगळे विद्यार्थी त्या तयारीत असतात.

तारीख पक्की करण्याआधी पंचांगात लग्नाचे मुहूर्त बघा. बिछायतवाला, आचारी, जनरेटरवाला आणि गावातले दोन्ही लॉज, सगळे त्याच मुहूर्तांना बांधलेले असतात. दाट मुहूर्ताच्या दिवशी खुर्च्या मिळतील, पण फाटक्या मिळतील, आणि आचारी स्वतः न येता भाच्याला पाठवेल. तालुक्यात बिछायतवाल्याला तीन महिने आधी बयाणा दिला की तो माणूस शब्दाला जागतो. जनरेटरचं मात्र लेखी घ्या.

निबंध मागवताना

क्रीडा अर्थशास्त्र म्हणजे क्रीडा साहित्याच्या दुकानाचा हिशेब, आणि क्रीडा मानसशास्त्र म्हणजे 'खेळाडूंसाठी सकारात्मक विचार', असा समज आपल्याकडे बराच आहे. पत्रकात नुसती उपविषयांची यादी टाकली तर तसेच निबंध येतात. म्हणून पत्रकात दोन-तीन नमुने द्या. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर लिहिलेल्या लेखापासून क्रीडा अर्थशास्त्राची सुरुवात मानतात. प्रश्न साधा होता: खेळाडूला एकाच संघाशी बांधून ठेवणाऱ्या नियमाने स्पर्धा खरंच समतोल राहते का? मानसशास्त्राच्या बाजूने नॉर्मन ट्रिपलेट यांचं १८९८ चं सायकलस्वारांवरचं काम सांगा. एकट्याने सायकल मारणारा आणि सोबत कुणी असताना मारणारा यांच्या वेळेत फरक का पडतो, हा त्यांचा प्रश्न. आणि दोन्ही विषय एकत्र कसे येतात हे दाखवायला मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास: २८६ पेनल्टी किका तपासून त्यांनी दाखवलं, की गोलकीपर मधेच उभा राहिला तर गोल अडण्याची शक्यता जास्त असते, तरी तो डावीकडे नाहीतर उजवीकडे झेप घेतोच. काहीच न करता गोल खाल्ला ही भावना त्याला जास्त बोचते.

यानंतर आपल्या भागातले विषय सुचवा. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, घ्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी दिल्यावर पट पुन्हा उघडपणे भरू लागले, आणि १८ मे २०२३ ला महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरला. बैलजोडीची किंमत, खुराकाचा खर्च, प्रवेश फी, बक्षिसाची रक्कम आणि पटात जिंकल्यानंतर जोडीचा वाढणारा भाव, एवढ्यात अर्थशास्त्राचा पूर्ण निबंध आहे. पोलीस भरती घ्या. शारीरिक चाचणी ५० गुणांची, त्यात मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं किती वर्षं त्यात घालतात, ऐन चाचणीच्या दिवशी वेळ का बिघडतो, गुडघा गेला तर पुढे काय, यावर दोन्ही शास्त्रांचा हक्क आहे. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के समांतर आरक्षण हाही असाच विषय. ते कोणता खेळ निवडायला लावतं? प्रमाणपत्र मिळाल्यावर किती जण खेळत राहतात? गावागावातल्या कबड्डी सामन्यांची बक्षिसं कोण देतो आणि का देतो, यावर तर कुणी नीट लिहिलेलंच मला दिसलेलं नाही.

सारांश ३०० शब्दांचा मागवा आणि त्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत असं लिहा: प्रश्न, माहिती कुठून आणि किती, पद्धत, हाती आलेलं उत्तर. 'या शोधनिबंधात आढावा घेतला जाईल' असा सारांश परत पाठवा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालू द्या, पण मराठी निबंधांची वेगळी खोली करू नका. वेगळी खोली केली की ती रिकामी राहते.

परीक्षण

प्रत्येक सारांश दोघांकडे जावा, एक अर्थशास्त्राचा आणि एक मानसशास्त्राचा किंवा शारीरिक शिक्षणाचा. लेखकाचं नाव काढूनच पाठवा. नाव काढायचं काम एका कारकुनाकडे किंवा विद्यार्थ्याकडे द्या, संयोजकाने करू नये. फाइलच्या माहितीतही नाव राहतं, ते विसरलं जातं.

आपल्याकडे येणाऱ्या मानसशास्त्रीय निबंधांत सर्वांत जास्त दिसणारं साधन म्हणजे रेनर मार्टेन्स यांची स्पर्धा-चिंता चाचणी, 'स्कॅट'. तिच्यातली चूक परीक्षकाला दोन मिनिटांत पकडता येते. चाचणीत १५ विधानं आहेत, पण गुण फक्त १० विधानांचे धरायचे. १, ४, ७, १० आणि १३ ही पाच विधानं भरतीची आहेत, त्यांचे गुण नसतात. ६ आणि ११ यांचे गुण उलटे मोजायचे. प्रत्येक विधानाला १ ते ३ गुण, म्हणून एकूण गुण १० ते ३० च्या मध्येच येणार. निबंधात कुठे ३४ दिसलं तर लेखकाने पंधराही विधानं बेरजेत घेतली आहेत. ६ आणि ११ उलटे न केल्याची चूक मात्र बेरजेत दिसत नाही. 'उलटे मोजले का?' असं नुसतं विचारून उपयोग नाही, मूळ तक्ताच मागवावा लागतो. मराठी भाषांतर वापरलं असेल तर ते कुणी केलं आणि दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर करून ताडून पाहिलं का, हे विचारा. खेळाडू १८ वर्षांखालचे असतील तर पालकांची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी. 'मुख्याध्यापकांची परवानगी घेतली' एवढ्याने भागत नाही.

अर्थशास्त्राच्या बाजूची नेहमीची चूक वेगळी असते. दहा संघांचे १२० खेळाडू घेतले की लेखक १२० स्वतंत्र नमुने धरतो. एका संघातले खेळाडू एकाच प्रशिक्षकाचे, एकाच मैदानावरचे, बरेचदा एकाच गावचे असतात. त्यांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात, म्हणून प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे उत्तरातल्या अनिश्चिततेचं माप) संघाप्रमाणे गट करून काढायला हवी. तसं न केल्यास नसलेला फरक ठळक दिसतो. अशा निबंधाला नकार न देता सुधारणा सुचवून पंधरा दिवस द्या. आपल्याकडचे नवे संशोधक सांगितलं तर करतात, त्यांना सांगणारं कुणी नसतं.

छापण्याबद्दल आधीच स्पष्ट राहा. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'केअर यादीतल्या जर्नलमध्ये छापून देऊ' हे आश्वासन आता कुणी देऊ नये आणि कुणी घेऊ नये. परिषदेच्या पुस्तकाला आयएसबीएन सरकारी संकेतस्थळावरून मोफत मिळतो. पण तो पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. छापण्यासाठी निबंधामागे पैसे घेणारा मध्यस्थ हमखास फोन करतो. त्याला नाही म्हणा.

वेळापत्रक

दोन्ही विषयांच्या सवयी वेगळ्या आहेत. अर्थशास्त्राचे लोक वाचन चालू असतानाच मधे प्रश्न विचारतात आणि २५ स्लाइड घेऊन येतात. मानसशास्त्राचे लोक १२ मिनिटांत आटपतात, प्रश्न शेवटी घेतात, आणि बरंचसं काम पोस्टरवर मांडतात. दोघांना एका खोलीत बसवायचं तर नियम एकच हवा आणि तो आधी कळवलेला हवा. १५ मिनिटं वाचन, ४ मिनिटं भाष्यकार, ६ मिनिटं खुली चर्चा, मिळून २५ मिनिटं. भाष्यकार दुसऱ्या शाखेचा नेमा आणि निबंध त्याच्या हातात दहा दिवस आधी द्या. ही एकच गोष्ट केली तरी परिषद दोन विषयांची होते. नाहीतर एका मांडवात दोन परिषदा चालतात.

एका सत्रात चार निबंध म्हणजे १०० मिनिटं. पहिल्या दिवशी पावणेबारा ते एक पंचवीस आणि चार ते पाच चाळीस, दुसऱ्या दिवशी साडेनऊ ते अकरा दहा आणि साडेअकरा ते एक दहा. चार सत्रं, तीन खोल्या, एकूण ४८ निबंध. एकोणपन्नासावा चांगला निबंध पोस्टरमध्ये जाईल. ७० निबंध स्वीकारून प्रत्येकाला ७ मिनिटं देण्यात कुणाचंच भलं नाही, भले नोंदणी फी जास्त जमो.

उद्घाटनाला ४० मिनिटं पुरतात, पण त्यासाठी एक गोष्ट सोडावी लागते. शाल-श्रीफळ देऊन एका माणसाचा सत्कार करायला, नाव पुकारण्यापासून फोटोपर्यंत, दीड ते दोन मिनिटं जातात. वीस जणांचे सत्कार म्हणजे अर्धा ते पाऊण तास, एका निबंधवाचकाचा नव्हे तर दोघांचा वेळ. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत ठेवा, ते दहा मिनिटांत होतं आणि गावाला ते हवंही असतं. मंचावर फक्त चौघांचा सत्कार करा. बाकीच्या मान्यवरांना भेट त्यांच्या खुर्चीशी नेऊन द्या आणि नावं पत्रिकेत छापा. हे संस्थेच्या अध्यक्षांशी महिनाभर आधी, समोर बसून बोला. सूत्रसंचालकावर सोडलं तर तो बिचारा कुणालाच नाही म्हणू शकत नाही.

सत्राध्यक्षांना एक पान छापून द्या. पाच मिनिटं उरल्याची पिवळी चिठ्ठी, एक मिनिटाची लाल, मग घंटी. शेवटी अध्यक्षीय भाषण नाही. ज्येष्ठ माणसाला हे तोंडी सांगणं जड जातं, छापील पान असलं की ते मानतात.

परदेशातला वक्ता ऑनलाइन घ्यायचा असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची वेळ ठेवा. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. इंग्लंड साडेपाच तास मागे, तिथे साडेआठ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर साडेदहा तासांचा फरक पडतो, त्या वक्त्याला आपल्या संध्याकाळी सातलाच बोलवावं लागेल आणि तोवर आपली माणसं गाड्यांना लागलेली असतील. मोफत झूमवर ४० मिनिटांनी बैठक तुटते, तेवढ्या महिन्यासाठी पैसे भरा. वक्त्याकडून भाषणाचं ध्वनिमुद्रण आधीच मागवून ठेवा. नेट गेलं तर भाषण ऐकवता येतं आणि प्रश्नोत्तरं फोन स्पीकरवर लावून घेता येतात.

पहिल्या दिवशी जेवणानंतर निबंध ठेवू नका. वरण-भात खाऊन कुणी प्रतिगमनाचा (रिग्रेशनचा) तक्ता बघत नाही. सव्वादोन ते पावणेचार हाताने करायचं काम द्या. कबड्डीच्या चढाया उत्तम. व्यावसायिक लीगच्या नियमात सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी 'करो या मरो', गुण नाही आणला तर चढाई करणारा बाद. चढाईला ३० सेकंद. दडपण आणि जोखीम दोन्ही एका चौकोनात दिसतात. २० चढायांची चित्रफीत दाखवा आणि दोघा-दोघांच्या जोड्यांना प्रत्येक चढाई 'जोखमीची' की 'सांभाळून' हे एकमेकांचं न बघता लिहायला लावा. मग जुळणी मोजा. समजा २० पैकी १६ ठिकाणी जुळलं, म्हणजे ०.८०. ऐकायला छान वाटतं. पण दोघांनीही १४ चढाया जोखमीच्या म्हटल्या असतील तर नुसत्या योगायोगानेच ०.७ गुणिले ०.७ अधिक ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ०.५८ एवढी जुळणी आली असती. कोहेनचा 'कप्पा', म्हणजे योगायोग वजा करून उरणाऱ्या जुळणीचं माप, काढला तर ०.८० वजा ०.५८ भागिले ०.४२, उत्तर ०.५२. मध्यमच. व्याख्या कुठे ढिली आहे यावर लगेच वाद सुरू होतो: बोनस रेषेला पाय लावून परतणारा जोखीम घेतो की नाही? हा वाद क्रीडा शिक्षक आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक बरोबरीने घालतात. दुपार सार्थकी लागते.

येणं आणि राहणं

नागपूर विमानतळावरून या पट्ट्यात यायला चार तास धरा, बडनेऱ्याहून नेरमार्गे दोन तास. धामणगाव स्टेशन नकाशावर जवळ दिसतं, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत आणि पुढे एसटीही लगेच मिळेल असं नाही. म्हणून पत्रकात एकच स्टेशन लिहा, बडनेरा, आणि आदल्या दिवशी दुपारी चार व रात्री आठ अशा दोनच फेऱ्या १७ आसनी ट्रॅव्हलरने करा. प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळी गाडी पाठवायला गेलात की गाड्यांचा हिशेब आणि ड्रायव्हरांचे फोन यातच चार माणसं अडकतात. स्टेशनवर कॉलेजचं नाव लिहिलेला फलक घेऊन एक विद्यार्थी उभा असावा, त्याचा नंबर सगळ्यांकडे असावा. समारोप तीन चाळीसला संपवा म्हणजे चारची गाडी निघून संध्याकाळच्या रेल्वेगाड्या सापडतात.

शासकीय विश्रामगृह मिळालं तर घ्या, पण त्यावर एकटं अवलंबून राहू नका. मंत्र्याचा किंवा अधिकाऱ्याचा दौरा लागला की आरक्षण आदल्या दिवशीही जातं. प्रमुख वक्त्यांना लॉज, बाकीच्यांना वसतिगृह. महिला प्रतिनिधींची सोय मुलींच्या वसतिगृहात करा आणि तिथे रात्री एक प्राध्यापिका मुक्कामाला असू द्या.

जानेवारीच्या सकाळी आपल्याकडे कडाक्याची थंडी असते, गरम पाण्यावर सकाळचं सगळं वेळापत्रक टेकलेलं असतं. १५ लिटरचा २ किलोवॅटचा गिझर थंड पाणी आंघोळीजोगं करायला जवळपास २० मिनिटं घेतो, म्हणजे तासाला तीन आंघोळी. सहा ते साडेआठ या वेळात एका गिझरवर सात-आठ जण. तीस जणांना चार गिझर लागतील आणि ते एकदम लावले की ८ किलोवॅटचा भार, जुन्या वसतिगृहाचं वायरिंग तो सोसत नाही, एमसीबी पडतो. सरळ आचाऱ्याची एक भट्टी वसतिगृहाच्या मागे लावा, १०० लिटरचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवा आणि पहाटे पाचपासून बादलीने पाणी द्या. एका गंजात उकळत्या पाण्याच्या दहा बादल्या निघतात, अर्ध्या-अर्ध्या करून त्यात थंड मिसळलं की वीस आंघोळी होतात.

वीज, पडदा, आवाज

तीन खोल्यांचे प्रोजेक्टर, लॅपटॉप, दिवे आणि सभागृहाचा आवाज मिळून ६-७ किलोवॅटच्या वर जात नाही. १५ केव्हीएचा जनरेटर पुरतो, डिझेल ताशी ३-४ लिटर. बिछायतवाला लग्नाचा ६२.५ केव्हीएचा देतो म्हणेल, तो नको, आवाज मोठा आणि डिझेल वाया. जनरेटर खोल्यांपासून ३० मीटर तरी लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभा करा.

खरी अडचण जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात असते. वीज गेली की दिव्याचा प्रोजेक्टर विझतो आणि थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्यात तीन-चार मिनिटं जातात, वक्त्याचं लक्ष तुटतं ते वेगळंच. म्हणून प्रत्येक खोलीत प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि राउटर यांच्यापुरता १ केव्हीएचा यूपीएस ठेवा. दहा मिनिटं निघाली तरी खूप झालं. पंखे आणि स्पीकर त्यावर लावू नका.

जनरेटर जोडल्यावर काहीही लावण्याआधी वायरमनला प्रत्येक खोलीतल्या सॉकेटवर मल्टिमीटर लावायला सांगा. २२० ते २४० व्होल्ट दिसलं पाहिजे. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल राहिला तर एखाद्या खोलीत साडेतीनशेच्या वर व्होल्ट जाऊ शकतात आणि प्रोजेक्टर, लॅपटॉप एकदम जळतात. हे काम आदल्या संध्याकाळी, पूर्ण भार टाकून करायचं.

वर्गाच्या खिडक्यांतून सकाळचं ऊन थेट पडद्यावर येतं. बिछायतवाल्याकडून काळं किंवा गडद कापड घ्या. टिनाच्या छताचं सभागृह असेल तर आवाज घुमतो. मोठे स्पीकर मंचावर दोन लावण्यापेक्षा लहान चार, भिंतींवर, कमी आवाजात लावा आणि मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगा. फरक लगेच कळतो.

स्लाइड पीडीएफमध्येच मागवा, आदल्या रात्री आठपर्यंत. मराठी स्लाइड कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली असेल तर दुसऱ्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफमध्ये फाँट आत बसवलेला असतो, ही अडचण उरत नाही. प्रत्येक खोलीत एकच लॅपटॉप, सगळ्या फाइली आधीच त्यात, निबंधाच्या क्रमांकाने. पेनड्राइव्ह आत येऊ देऊ नका, एका ड्राइव्हमधला विषाणू दुपारपर्यंत तिन्ही खोल्यांत फिरतो. एचडीएमआय ते व्हीजीए आणि टाइप-सी ते एचडीएमआय अशी जोडणी प्रत्येक खोलीत एकेक, जास्तीची एक नोंदणीच्या टेबलावर.

पाणी, चहा, जेवण

१५० माणसांना हिवाळ्यात दिवसाला ३०० लिटर पिण्याचं पाणी, म्हणजे २० लिटरच्या १५ कॅन. २० मागवा. चहा चार वेळा, ८० मिलीचा कप धरला तर ४८ लिटर. त्याला २४ लिटर दूध, सव्वातीन किलोच्या आसपास साखर, ६५०-७०० ग्रॅम चहापत्ती. दूध गावातल्या संकलन केंद्रातून सकाळ-संध्याकाळ अर्धं-अर्धं घ्या, एकदम घेतलेलं दुपारी फाटतं. बिनसाखरेच्या चहाचा थर्मास वेगळा आणि त्यावर चिठ्ठी.

नाश्त्याला तर्री पोहे. ताटलीला ८० ग्रॅम धरून १२ किलो पोहे, त्यात ५ किलो कांदा, दीड किलो शेंगदाणे, तर्रीला ५ किलो हरभरे आदल्या संध्याकाळी भिजवलेले. पोहे एकदम भिजवले तर तळचे लगदा होतात. ४-४ किलोच्या तीन खेपा, दर वीस मिनिटांनी एक. वरून सांभार (कोथिंबीर) आणि लिंबू. बाहेरच्यांसाठी तर्री वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्याला झेपेल तो घेईल.

दुपारच्या जेवणाला पोळी, वांगं-आलूची भाजी, वरण, भात, कढी, एक गोड. तांदूळ १५ किलो, तूरडाळ ७ ते साडेसात किलो, कणीक १८ किलो, भाजी २२ किलो. माणशी चार धरून ६०० पोळ्या होतात. एका तव्यावर तासाला ५० ते ६०, म्हणून बचत गटाच्या सहा बायका दोन तास. त्यांना अकरालाच बसवा. पोळ्या बाराच्या आत तयार झाल्या तर वातड होतात, आणि साडेबाराला सुरुवात केली तर रांग अडते. सावजी रस्सा रात्रीच्या जेवणाला ठेवा, नावं आधी लिहून घेऊन. दुपारी तो खाल्लेला माणूस चारच्या सत्राला बसू शकत नाही.

रांगेत एक माणूस ताट वाढून घ्यायला २० सेकंद घेतो. एकाच बाजूने वाढलं तर १५० जणांना ५० मिनिटं, म्हणजे शेवटच्या माणसाच्या हाती ताट येईल तेव्हा सत्राची घंटी होते. दोन टेबलं, दोन्ही बाजूंनी, चार रांगा, एका रांगेला १३ मिनिटं. पाणी रांगेच्या शेवटी नको, बसण्याच्या जागेजवळ ठेवा, नाहीतर तिथे दुसरी रांग तयार होते.

पैसे आणि कागद

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेसारख्या संस्थेचं अनुदान मिळालं तरी पूर्ण रक्कम आधी हातात येत नाही. उरलेली रक्कम उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे जीएफआर १२-ए नमुना, लेखापरीक्षित हिशेब आणि अहवाल गेल्यावरच येते. तोपर्यंत संस्थेने किती रक्कम उचलून द्यायची हे व्यवस्थापन मंडळाच्या ठरावात आधीच लिहून घ्या.

बिलं अडतात ती नेहमी त्याच ठिकाणी. आचारी, पोळ्यांच्या बायका, दूधवाला यांच्याकडे छापील बिल नसतं. त्यांच्यासाठी क्रमांक घातलेली व्हाउचरं आधी छापून ठेवा, पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि सही त्याच दिवशी घ्या. बिछायत, जनरेटर, छपाई यांची तीन-तीन दरपत्रकं आधीच्या तारखेची हवीत, नंतर गोळा केलेली लेखापरीक्षक ओळखतो. वक्त्यांचा प्रवास खर्च द्यायचा तर तिकिटं आणि बोर्डिंग पास नोंदणीच्या टेबलावरच घ्या, मूळ असेल तर मूळ. घरी गेलेल्या माणसाकडून कागद मागवणं फार कठीण जातं.

हजेरीपत्रक प्रत्येक सत्राचं वेगळं, सहीसकट. प्रमाणपत्रं नावं तपासून आधी छापा, पण देणं दुसऱ्या दिवशी शेवटच्या सत्रानंतरच, आणि 'निबंध सादर केला' असं फक्त ज्याने सादर केला त्यालाच. पहिल्या दिवशी दुपारी प्रमाणपत्र मागून निघणारे येतात. त्यांना नम्रपणे थांबायला सांगा किंवा टपालाने पाठवू म्हणा, निबंध न वाचल्याची नोंद करून. एकदा सूट दिली की दुसऱ्या दिवशी तिन्ही खोल्या ओस पडतात.

समारोपानंतर गंज, पराती, खुर्च्या, सतरंज्या बिछायतवाल्याच्या माणसासमोर मोजून त्याच रात्री परत करा आणि मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. आठ दिवसांत भाष्यकारांचे शेरे लेखकांना लेखी पाठवा, सुधारलेल्या निबंधासाठी सहा आठवडे द्या. कबड्डी चढायांच्या नोंदींचे तक्ते, खेळाडूंची नावं काढून, सहभागी झालेल्या प्रत्येक कॉलेजला पाठवा. पुढच्या वर्षी त्यांचे विद्यार्थी तेच तक्ते आपल्या संघावर भरू शकतील. हिशेब महिन्याच्या आत लेखापरीक्षकाकडे गेला पाहिजे, कारण ३१ मार्च जवळ आलेला असतो आणि त्यानंतर त्याला वेळ नसतो.